बारशासाठी राऊटर पाहिजे

तात्यापारा, रायपूर
१४ जानेवारी

श्री. चारुदत्त यांस,

तुझ्याशी बोलायचं नाही असं मी नीलच्या लग्नात ठरवलं आणि ते अजून मोडलेलं नाही. लिहायचं नाही असं मात्र ठरलं नव्हतं, म्हणून हे पत्र. तुझी बहीण म्हणून नाही, नीलची आत्या म्हणून लिहिते आहे.

नीलला मुलगी झाल्याचं कळलं. आमच्या घरात मोबाईलला सिग्नल फक्त गच्चीवर मिळतो. हे तिथूनच ओरडले, "पोट्टी झाली वो!" मी ऐकायच्या आत गल्लीने ऐकलं आणि समोरचे देवीदासभाऊ पेढे मागायला आले.

नीलला सख्खी बहीण नाही, तेव्हा लग्नात करवलीचा मान माझा होता. तो तू शेजारच्या मुलीला दिलास, का तर मी साठीची. साठीच्या बाईला कऱ्हा उचलत नाही असं कोणत्या पोथीत आहे? असो, ते मी काढणार नाही. पण आता या पोरीला आत्या नाही, म्हणजे बापाची आत्या तीच तिची आत्या. कानात कुर्र करून नाव मीच सांगणार. नील आणि ज्ञानदा दोघांनीही कबूल केलंय, "आत्या, नाव तूच ठरव आणि तूच ठेव." नाव ठरलं आहे. सांगणार कोणालाच नाही, यांनासुद्धा नाही.

अडचण पायाची आहे. तेलीबांध्याला तळ्याच्या पायऱ्यांवर हे माझा फोटो काढत होते. "थोडी मागं सरक," म्हणाले. सरकले. आता प्लास्टर आहे आणि डॉक्टर प्रवासाचं नाव काढू देत नाहीत. जिनाही बंद, म्हणजे गच्चीवरचा मोबाईलही बंद. उरला नीलने दिलेला लॅपटॉप. त्यावरून बारसं करायचं. इंटरनेटची तार घरात आहे, पण राऊटर विजेच्या झटक्यात गेला आणि लॅपटॉपचं वायफायचं कार्ड त्याआधीच मेलेलं. तार सरळ खोचावी म्हटलं तर लॅपटॉप इतका सडपातळ की त्याला तारेचं भोकच नाही.

तेव्हा कार्ड कोणतं घ्यायचं आणि राऊटर कोणता, हे नीलला विचारून कळव. खरेदी मी यांच्यावर सोपवली आहे. पाटबंधारे खात्यात उभा जन्म गेलेल्या माणसावर खरेदी सोपवायची म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको.

यंदा राजिमच्या जत्रेलाही जाणं होणार नाही. हे आपलं सहज लिहिलं.

नीलची आत्या,
यामिनी

*

बेंगळुरू
२० जानेवारी

सौ. यामिनी यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र पोचले. करवलीचा विषय काढणार नाही असे लिहून तो पाच ओळींत काढला आहे, याची नोंद घेतली.

नीलचे म्हणणे असे : कार्ड आणि राऊटर एकमेकांना साजेसे हवेत. राऊटर भारी आणि कार्ड जुने, तर पैसे पाण्यात. लहरी दोन प्रकारच्या असतात. एक दूरवर जाते, भिंतीही ओलांडते, पण सावकाश. दुसरी धावत येते, पण जाड भिंत लागली की तिचा दम सुटतो. दोन्ही लहरी समजणारे कार्ड घ्यावे. राऊटर घराच्या मध्यभागी, मोकळ्या जागी, उंचावर ठेवावा. लॅपटॉपच्या पोटात बसणारे छोटे कार्ड मिळते. ते जमले नाही तर बाहेरून खोचायचे मिळते, अंगठ्याएवढे. दुकानात जाऊन यायला अर्धा तास पुरे, असेही तो म्हणाला. वासुदेवरावांना तो अजून नीट ओळखत नाही.

बारसे रविवारी, सोळा फेब्रुवारीला आहे. ज्ञानदाच्या आई अर्चनाताई इथे आल्या आहेत. फार उत्साही बाई. आत्या हजर नसेल तर आजीने कुर्र केले तरी चालते, असे त्या दिवसातून चार वेळा सांगतात. शेवटी असे ठरले की बारा तारखेपर्यंत लॅपटॉपची चाचणी झाली तर तू, नाहीतर अर्चनाताई. माझे यात काही मत नाही.

पाय उंचावर ठेवावा, खाली दोन उशा घ्याव्यात, ही सूचना ज्ञानदाची आहे.

आपला,
चारुदत्त

*

तात्यापारा, रायपूर
२८ जानेवारी

श्री. चारुदत्त यांस,

तुझ्या पत्रातला लहरींचा भाग मी यांना मोठ्याने वाचून दाखवला. हे उठले आणि मोजणीच्या टेपने घर मोजायला लागले. म्हणाले, "म्हंजे हे कालव्याचंच काम झालं की. राऊटर हेडले, लॅपटॉप टेलले. टेलले पाणी पोचत नाही तोवर मी कोणाच्याच बिलावर सही करत नाही."

हेड म्हणजे कालव्याचं तोंड, टेल म्हणजे शेवटचं टोक. नोकरीभर हे तेच सांगत आले. वरच्या शेतांना पाणी मिळालं म्हणजे कालवा झाला असं नाही, सगळ्यात शेवटच्या शेतकऱ्याच्या बांधाला ते लागलं पाहिजे. आमच्या घरातला शेवटचा शेतकरी मी. मागच्या खोलीत, पलंगावर, दोन उशांवर पाय.

दुसऱ्या दिवशी फाटकावर निविदा लागली. 'एक नग वायरलेस कार्ड व एक नग राऊटर पुरवणे, बसवणे व टेलपर्यंत चालवून दाखवणे.' मी म्हटलं, अहो, दुकानात जा आणि घेऊन या! तर म्हणाले, "अन् उद्या कोणी विचारलं, याच्याकडूनच काहून घेतलं, तर?" कोण विचारणार आहे रे? पण समिती बसली. अध्यक्ष हे, सदस्य मी, आणि त्रयस्थ म्हणून देवीदासभाऊ. ते चहासाठी आले होते.

निविदा दोनच आल्या. एक तेलीबांध्याच्या अश्विनची. त्याचं कॉम्प्युटरचं मोठं दुकान आहे. दुसरी भनपुरीच्या दयारामची, तो ट्रकांना जीपीएस बसवतो. तीन असल्याशिवाय पाकिटं उघडायची नाहीत, म्हणून यांनी अभनपुरच्या संग्रामला फोन करून एक मागवली. संग्राम शेतीचे पंप विकतो. राऊटर त्याने जन्मात पाहिलेला नाही, पण यांच्या जुन्या ओळखीचा. नुसती संख्या भरायची होती. पाकिटं उघडली, तर सगळ्यात कमी दर संग्रामचाच.

आता नियमाप्रमाणे काम त्यालाच. अश्विन बिचारा म्हणाला, "अंकल, उसको पता भी है राऊटर क्या होता है?" हे म्हणाले, "त्याचं तो पाहील. दर कमी आहे."

तुझ्या अर्चनाताईंना म्हणावं, घाई करू नका.

नीलची आत्या,
यामिनी

*

बेंगळुरू
२ फेब्रुवारी

सौ. यामिनी यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र दोनदा वाचले. पंप विकणाऱ्या माणसाकडून लॅपटॉपचे कार्ड घ्यायचे, हे मला कोणी दुसऱ्याने सांगितले असते तर मी हसलो असतो.

इथे अर्चनाताईंचा सराव चालू आहे. सकाळी बाळाच्या कानाशी, संध्याकाळी माझ्या. परवा भात लावताना त्यांनी कुकरलाही कुर्र केले. बाळ मात्र त्यांचा आवाज ऐकला की तोंड फिरवते. हे मी सहज लिहिले आहे, यातून काही अर्थ काढू नये.

एक स्पष्ट लिहितो. तुला करायचे नसेल तर तसे कळव. पाय, कार्ड, निविदा, एवढा सरंजाम मांडण्याची गरज नाही. लग्नाचा राग तू बारशावर काढते आहेस, असे मला वाटते. सगळ्यांना ताटकळत ठेवायचे, ऐनवेळी नाही म्हणायचे, आणि आम्हाला धडा शिकवायचा. तसे असेल तर लेकराला त्यात ओढू नये.

बारा तारीख कायम आहे.

आपला,
चारुदत्त

*

तात्यापारा, रायपूर
८ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून मी रडले. मग चिडले. मग चिडूनच जे केलं ते आता वाच.

मी धडा शिकवते आहे म्हणे! अरे, प्लास्टरच्या पायाने मी पलंगावर बसून रोज कुर्र म्हणून बघते, आवाज फाटतो का ते. तुझं पत्र आलं तेव्हा त्या पोरीचा चेहराही मी पाहिलेला नव्हता. तिचं नाव माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी ठेवलं तर मला ते सोसणार नाही, एवढं लिहून ठेवते. आता खुशाल हस.

तर संग्राम आला. राऊटरचा खोका ठेवला आणि पिशवीतून काढलं कार्ड. पाटीएवढं! वर तीन शिंगं. ते टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरचं. मी म्हटलं, हे लॅपटॉपात बसणार कसं? संग्राम म्हणाला, "दीदी, दुकानात सगळ्यात मोठं हेच होतं. लहान काहून घेता? मोटार जितकी मोठी, तितकं पाणी दूर जाते." यांनी मान डोलावली. ते वाक्य त्यांना पटलेलं दिसलं.

निदान कार्ड बदलून तरी आणा म्हटलं. तर हे कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आता नाही जमत. आचारसंहिता लागली." महापालिकेच्या निवडणुका आहेत इथे. निकाल लागेपर्यंत नवी खरेदी नाही, नवं काम नाही. मी म्हटलं, ती सरकारला असते, आपल्या घराला नाही. हे म्हणाले, "सवय मोडू नये." देवीदासभाऊंनीही पाठिंबा दिला, त्यांचा मेहुणा वॉर्डातून उभा आहे.

त्याच दिवशी तुझं पत्र आलं. बारा तारीख डोळ्यांसमोर नाचायला लागली. मग मला यांचाच एक जुना किस्सा आठवला. पैरी नदीच्या कालव्यावर असताना एकदा बांध फुटला होता आणि यांनी निविदा न काढता, कोणाला न विचारता, तासाभरात वाळूची पोती आणवली होती. पूर आला की सगळे नियम बाजूला, असं हे अभिमानाने सांगतात.

म्हणून मी पूर आणला. पलंगाशेजारी पाण्याची टाकी भरून ठेवलेली असते, पाय असा म्हणून. काठीने तिची तोटी उघडली, मग बादली उलथवली, आणि पाणी खोलीभर होऊन ओसरीकडे निघालं तेव्हा हाक मारली, "अहो, पूर!"

हे आले. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं. सगळं कळलं त्यांना. पण काय करतील? खिशातून पट्टी काढून उंबऱ्यापाशी पाणी मोजलं आणि म्हणाले, "आणीबाणी आहे." चपला घालून तडक अश्विनकडे गेले. अर्ध्या तासात बाहेरून खोचायचं कार्ड घेऊन परत! अंगठ्याएवढं, दोन्ही लहरी समजणारं. नील बरोबर बोलला होता.

राऊटर पुढच्या खोलीत लागला, कारण यांनी घर मोजून काढलेल्या नकाशात तिथेच दाखवला आहे. पण मधे तीन भिंती, हातभर जाड. धावणाऱ्या लहरीचा पहिल्याच भिंतीत दम सुटला. मी म्हटलं, राऊटर मधे आणा. "मंजूर नकाशा बदलता येत नाही," म्हणाले. म्हणून मला बदललं. चार माणसांनी पलंग उचलून मला पुढच्या खोलीत आणलं. रस्त्याने जाणारे येणारे थांबून तब्येत विचारतात.

आज सकाळी चाचणी झाली. नील दिसला, ज्ञानदा दिसली, पोरगी झोपलेली दिसली. तुझं फक्त कोपर दिसलं. स्वेटर फाटला आहे कोपराला, तो बदल.

सोळा तारखेला मी येते आहे.

यामिनी

*

बेंगळुरू
१७ फेब्रुवारी

चि. यामिनीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाजूला काय झाले ते मला माहीत नाही. इकडे जे झाले ते सांगतो.

ज्ञानदाच्या मनात आले की कुर्र बाळाच्याच कानात जायला हवे, साऱ्या खोलीला ऐकू जायला नको. म्हणून लॅपटॉपला वायरचा इअरफोन लावला. एक टोक पाळण्यात बाळाच्या कानाशी धरायचे. धरायचे कोणी? सगळ्या बायका पाळणा म्हणण्यात, नील फोटोत. मी रिकामा होतो. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी पाळण्याशी बसलो, कॅमेऱ्यात येणार नाही असा.

तुझे ओठ हलले. खोलीत कोणालाच काही ऐकू आले नाही. बाळाने डोळे मोठे केले आणि जांभई दिली. मग अर्चनाताई म्हणाल्या, "आता आत्याच्या पाठीत धपाटे!" पण आत्या रायपूरला. लॅपटॉपला कसे मारणार? तेव्हा आत्याचा लॅपटॉप ज्याच्या मांडीवर, त्याची पाठ. अर्चनाताईंचा महिन्याभराचा उत्साह माझ्या पाठीत उतरला. अजून उजव्या कुशीवर झोपता येत नाही.

त्याच क्षणी पडद्यावर तुझ्या मागेही बायका आलेल्या दिसल्या, वासुदेवरावांचा हात उगारलेला दिसला, आणि तू गेलीस. पडदा काळा.

मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नाव काय? कोणालाच माहीत नाही. साठ पाहुणे, जिलबी वाढलेली, आणि नाव माहीत असलेली एकच व्यक्ती पाळण्यात, तिला बोलता येत नाही. नीलने वासुदेवरावांना फोन लावला. ते तोवर गच्चीवर पोचले होते. त्यांनी सांगितले की नाव सीलबंद आहे, उघडण्याचा अधिकार त्यांना नाही. त्यांनी वरून ओरडून तुला विचारले आणि तुझे उत्तर परत कळवले, "ज्याला पाहिजे त्यानं विचारावं. नीलच्या बाबांनी."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत बसलो.

आता खरे लिहितो. इअरफोनला टोके दोन असतात. एक बाळाच्या कानाशी होते. दुसरे लोंबत होते, ते मी माझ्या कानात घातले. का घातले? तुझा आवाज लग्नानंतर ऐकला नव्हता, म्हणून.

मी सगळं ऐकलं, यामू. कुर्र ऐकलं, नाव ऐकलं, आणि त्यानंतर तू जे तिला म्हणालीस तेही ऐकलं. "तुझे आजोबा हट्टी आहेत, माय. पण त्यांच्यावर रुसू नको. मी रुसून पाहिलं, मलेच करमत नाही. त्यांनी मले खांद्यावर बसवून राजिमले नदी पार करून नेलं होतं. तुलेही नेतील."

मला वाटलं होतं तू ते विसरलीस. जत्रेत तुझी चप्पल वाळूत रुतली आणि तू भोकाड पसरलंस, म्हणून तुला उचललं होतं. तू माझे केस धरून बसली होतीस.

नाव मी कोणालाही सांगितलेलं नाही. नीललाही नाही. ते सांगण्याचा मान आत्याचा. एकदा तुझा मान दुसऱ्याला दिला, पुन्हा देणार नाही. घरात सध्या बाळाला सगळे 'अगं' म्हणतात. तिला एकटं असताना मी तिच्या नावाने हाक मारतो, आणि ती तोंड फिरवत नाही.

रविवारी सकाळी मी लॅपटॉपसमोर बसेन. कोपर नाही, तोंड. पहिला मीच बोलेन.

तुझा,
दादा

*

तात्यापारा, रायपूर
२४ फेब्रुवारी

दादा,

काल एवढं बोललो आणि आज पुन्हा पत्र, म्हणून हे हसताहेत. हसू देत.

त्या दिवशी काय झालं ते काल बोलण्याच्या भरात सांगायचं राहिलं. देवीदासभाऊंच्या बायकोसह पाचजणी माझ्या पाठीवर तुटून पडल्या. लॅपटॉप मांडीवर, त्याला ते अंगठ्याएवढं कार्ड बाहेर आलेलं. हे म्हणाले, "मीही एक मारतो, नवरा म्हणून." तो धपाटा असा बसला की कार्ड उडालं आणि घुगऱ्यांच्या पातेल्यात पडलं. घुगऱ्या रसरशीत होत्या. मग कार्ड आठवडाभर तांदळाच्या डब्यात वाळत ठेवलं. इथे तांदळाला काय कमी!

काल ते खोचलं आणि चालायला लागलं आणि तू दिसलास. आधीच ठरवून बसला होतास ना, पहिला बोलणार म्हणून? आणि इतक्या वर्षांनी बोललास काय, तर "जेवलीस?" सकाळचे नऊ वाजले होते, दादा! मी "हो" म्हटलं, तेही खोटं.

मग तू पोरीला मांडीवर घेतलंस आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने नाव सांगितलं. पैरी. ज्ञानदाला आवडलं, नीलने दोनदा म्हणून पाहिलं. अर्चनाताईंनी विचारलं, पैरी म्हणजे काय? मी सांगायच्या आत तूच सांगितलंस, "राजिमला महानदीला मिळते ती आमची नदी." आणि नाक पुसायला कॅमेऱ्याबाहेर गेलास. पुन्हा कोपर. स्वेटर बदलला होतास.

माझं प्लास्टर निघालं की मी तिकडे येते, नाहीतर पुढच्या जत्रेला तुम्ही सगळे इकडे या. तिला तूच खांद्यावर घ्यायचं आहेस, मी शब्द देऊन बसले आहे.

हे म्हणतात, पत्राच्या शेवटी थोडी जागा ठेव, माझं काही लिहायचं राहिलं आहे.

तुझी,
यामू

    वरील काम दि. २३ रोजी प्रत्यक्ष जागेवर पाहिले. पाणी टेलपर्यंत पोचले. लाभार्थी दोन तास बोलत होती, नंतर तिने माझ्याकडून चहा करून घेतला व स्वतःच गात बसली. काम समाधानकारक. बिलावर सही केली आहे.
    — वासुदेव